स्टेशन रोडची पाटी

बायको तानूबाई गेल्याची तार शहाजीच्या हातात पडली, तेव्हा गावाकडे तिचा दहावाही उरकला होता. सत्त्याहत्तर साल. शहाजी कतारात उम्म सलालजवळच्या कंपनीच्या कॅम्पात पेंटर होता. तार वाचून त्यानं ब्रश धुऊन ठेवला, आणि पुढं महिनाभर कामापुरतंच बोलला. एकच गोष्ट सलत होती. मागच्या रजेत तानूबाई म्हणाली होती, "जगाच्या पाट्या रंगवता अन् आपलं दार कोरडं! दोघांच्या नावाची एक करा की." पुढच्या खेपेला करतो म्हणून तो विमानात बसला होता.

एका सकाळी रेटोसाहेब आणि हायकोसाहेब भांडतच त्याच्याकडं आले. रेटो स्वित्झर्लंडचा, हायको हँबुर्गचा. दोघांची भाषा जर्मन. अख्ख्या कतारात रेल्वेचा रूळ नव्हता, म्हणून गंमत म्हणून त्यांना कॅम्पातल्या गल्लीला 'स्टेशन रोड' अशी जर्मन पाटी लावायची होती. रोडला त्यांचा शब्द 'श्ट्रासे'. त्यातल्या 'स'साठी हायकोला पोट सुटलेल्या इंग्रजी बीसारखं एक अक्षर हवं होतं.

"आमच्या देशात ते अक्षर चालत नाही. दोन एस काढ," रेटो म्हणाला.

"बोलताना पण तू त्या 'स'वर बसूनच राहतोस!" हायको म्हणाला.

"आणि तू गिळतोस. ऐक. श्ट्रास्स्से!"

शहाजीला एकदम हसू फुटलं. तानूबाई अशीच 'स'वर रेलायची. "अस्स्सं? मग कस्स्सं?" सासरी सगळे तिला चिडवायचे. हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली. केरबा ड्रायव्हर गाडी सोडून धावत आला.

"आरं, शहाजीदादा हसला!"

शहाजीनं मोडक्या इंग्रजीत तानूबाईचं बोलणं सांगितलं. रेटोनं लगेच "अस्स्सं?" म्हणून दाखवलं. हुबेहूब! हायकोनं चार वेळा खटपट केली, पण त्याचा 'स' काही टिकेना. केरबा पोट धरून खाली बसला.

"यल्ला, चला साहेब, भांडण खलास," शहाजी म्हणाला. त्यानं फळीच्या एका बाजूला रेटोची अक्षरं काढली, दुसऱ्या बाजूला हायकोची, आणि पाटी एकाच साखळीवर टांगली. सकाळी वाऱ्यानं ज्याची बाजू रस्त्याकडं येईल, तो त्या दिवशी खरा. दुसऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. कॅम्प रोज सकाळी पाटीखाली जमू लागला, आणि शहाजी सगळ्यात आधी.

फळीचा एक तुकडा उरला होता. तो त्यानं घासून पांढऱ्या रंगाचा हात दिला, वर स्वतःचं नाव लिहिलं.

खाली तानूबाईचं नाव अजून लिहायचं आहे.