चैतालीचं पुस्तक

सरिता पंचवटीतल्या एका शिशुगृहात बारा वर्षांपासून मावशी म्हणून कामाला होती. मूळची सुरगाण्याकडची. द्राक्षाच्या हंगामात मजुरीला म्हणून खाली उतरली आणि नवरा वारल्यावर पुन्हा डोंगरात गेलीच नाही. तिच्या हाताखालून चाळीसेक मुलं गेली असतील. ती त्यांना न्हाऊ-माखू घालायची, भरवायची, ताप आला की मांडीवर घेऊन बसायची. मग एक दिवस दत्तक घेणारे आईबाप यायचे, सह्या व्हायच्या आणि मूल गाडीत बसून निघून जायचं. चार महिन्यांत ते आपल्याला विसरणार हे तिला ठाऊक होतं. विसरावंच, असंही ती म्हणायची. पण त्या दिवशी ती कोणाशी बोलत नसे.

दिवाळीनंतर फिनलंडहून आयनो नावाच्या बाई चार महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आल्या. वय पासष्टच्या पुढे, उंच, हाडापेरानं मजबूत. तिकडे एका वाचनालयात जन्मभर पुस्तकं बांधायचं काम केलेलं. सगळ्यांना वाटलं, आता मुलांना गाणी शिकवतील, चित्रं काढून घेतील. पण त्यांनी अधीक्षिका हर्षाली मॅडमना सांगितलं की मला मुलांना नाही, मावशांना शिकवायचंय. मावशीनं आपल्या हातानं प्रत्येक मुलाचं एक पुस्तक बांधायचं, त्यात त्याचं इथलं लहानपण लिहायचं आणि मूल जाईल तेव्हा ते सोबत द्यायचं.

सरिताच्या कपाळाला आठ्या पडल्या. कामातून मान वर करायला वेळ नाही, त्यात चौथी शिकलेल्या बाईनं पुस्तक काय करायचं? दुपारी मुलं झोपली की बाकीच्या मावशा व्हरांड्यात आयनोबाईंच्या भोवती बसत. सरिता मुद्दाम वाळलेले कपडे घेऊन लांब बसे. आठवडाभर आयनोबाईंनी वाट पाहिली. मग एकदा त्याच उठून तिच्याजवळ आल्या आणि झबल्यांच्या घड्या घालू लागल्या. हर्षाली मॅडम तिथंच होत्या, म्हणून दोघींचं बोलणं होऊ शकलं.

“सहा वर्षांची होईपर्यंत मी अनाथाश्रमात होते,” आयनोबाईंचं बोलणं मॅडमनी मराठीत सांगितलं. “पुढे मला चांगले आईवडील मिळाले. पण त्या सहा वर्षांत मला कोणी भरवलं, कोणी चालायला शिकवलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. तिचे आभार मानायचे होते मला. नावच माहीत नाही.”

सरितानं हातातलं झबलं तसंच धरून ठेवलं. आठवण फक्त मागं राहणाऱ्याला येते, असंच ती आजवर धरून चालली होती. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात जाऊन बसली.

कागदाच्या घड्या एकात एक घालायच्या, दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं, मग मैद्याची खळ लावून पुठ्ठ्यावर कापड चढवायचं. भाषा एकमेकींची कळत नव्हती. आयनोबाई तिच्या हातावर हात ठेवून दोरा किती ताणायचा ते दाखवत. पहिलं पुस्तक वाकडं झालं, दुसऱ्याची पानं सुटली. पण सरितानं द्राक्षाच्या काड्या वर्षानुवर्षं सुतळीनं तारेला बांधल्या होत्या, गाठ मारायला तिची बोटं चटकन शिकली. तिसरं पुस्तक आयनोबाईंनी उलटसुलट करून पाहिलं, उघडून झटकलं आणि हसून तिच्या हातात दिलं.

ते पुस्तक चैतालीचं झालं. चैताली दहा दिवसांची असताना आलेली, आता तीन वर्षांची होती, आणि नागपूरचं एक जोडपं तिला न्यायला येणार होतं. सरितानं येईल तसं लिहिलं. पहिला दात कधी आला, पडली तेव्हा हनुवटीला टाके कसे पडले, ती कशाला भिते, कशानं हसते. ‘लय हट्टी हाय पण मनानं चांगली,’ असं एका पानावर होतं. हर्षाली मॅडम म्हणाल्या, शुद्ध करून टाइप करून देते. आयनोबाईंनी ठाम नकार दिला. हे असंच जाऊ द्या, म्हणाल्या.

जोडपं आलं, उज्वला आणि महेश. सोबत उज्वलाच्या सासूबाई होत्या. सरितानं पुस्तक पुढं केलं तेव्हा सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की पोरीचा आता नवा जन्म आहे, जुनं कशाला सोबत न्यायचं? उज्वला घुटमळली, आणि पुस्तक टेबलावर राहून गेलं. गाडी गेल्यावर सरितानं ते उचलून कपाटात ठेवलं. आयनोबाईंचा चेहरा उतरला होता. उलट सरितानंच त्यांना चहा करून दिला.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. उज्वलाचा आवाज रडवेला होता. पोरगी धड जेवत नाही, झोपत नाही, सारखं ‘भुबू, भुबू’ करते. आम्ही बाहुल्या आणल्या, फुगे आणले, काही कळत नाही. मॅडमनी फोन सरिताच्या हातात दिला.

“भुबू म्हणजे नागलीची, नाचणीची पेज,” सरिता म्हणाली. “थोडा गूळ घाला. मांडीवर बसवून द्या, खुर्चीत नको. बाकीचं सगळं पुस्तकात हाय ताई. मॅडम पाठवतील.”

पुस्तक त्याच दिवशी कुरिअरनं गेलं. पंधरवड्यानं पुन्हा फोन आला, तो सासूबाईंचा. नागली शोधायला त्या स्वतः तीन दुकानं फिरल्या होत्या. रोज दुपारी चैताली पुस्तक घेऊन त्यांच्याकडे येते आणि त्या तिला वाचून दाखवतात, असं म्हणाल्या. मग बोलल्या, “सरिताबाई, माझं चुकलं. तुम्ही लिहिलं म्हणून आम्हाला आमची पोर कळली.”

सरितानं फोन ठेवला आणि बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिली. एवढ्या वर्षांत दत्तक गेलेल्या मुलाच्या घरून तिच्यासाठी आलेला हा पहिला फोन होता.

फेब्रुवारीअखेर आयनोबाई निघाल्या. मावशांनी त्यांना नऊवारी नेसवली, ओटी भरली. सरितानं मॅडमना जवळ बोलावलं आणि एवढंच सांगायला लावलं: “त्या बाईचं नाव तुम्हाला नाय मिळालं. पण तिनं तुम्हाला वाढवलं म्हणून तुम्ही इथवर आल्या. तिचे आभार मी बी मानते.”

आयनोबाईंनी तिला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला.

त्यानंतर शिशुगृहातून अकरा मुलं गेली, अकरा पुस्तकं गेली. त्यातल्या चार घरांतून फोन येतात, बाकीच्यांचे येत नाहीत. यंदा नांदगावच्या एका बालगृहातून भागुबाई नावाची मावशी महिनाभर सरिताकडे शिकायला आली आहे. तिला अक्षरओळख नाही, म्हणून ती सांगते आणि सरिता लिहून घेते. पण भागुबाई एकदा बोलायला लागली की थांबत नाही. एकाच मुलाची पानं इतकी झाली आहेत, की ती शिवायला सरिताला परवा मोठं दाभण आणावं लागलं.