पावलं खालून पाहणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. वर जाड काच, पोटात दिवा आणि तिरपा आरसा. इतर आरशांना लोक तोंड दाखवतात, माझ्या वाट्याला तळपाय आले. सुताराने मला घडवलं, पण शहाणी झाले ती पायांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

माझ्यावर कुणी उभं राहिलं, की जिथे भार पडतो तिथली कातडी पांढरी पडते. नेहमीच्या पायाची टाच आणि चवडा पांढरा होतो, आतली कमान काचेला शिवतही नाही. सपाट पाऊल मात्र मधल्या भागासकट ऐसपैस टेकतं आणि तिथेही भार घेतं.

एकदा एक सून आली. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम. पाय इतके ठणकत, की आवडती नोकरी सोडायची पाळी आली होती. सोबत नवरा आणि सासूबाई.

"हिला उभं राहायचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

सून चढली. पावलं इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. मग फरक दाखवायला बाईंनी नवऱ्याला उभं केलं. काय ती कमान! खालून उंदीर निघून गेला असता.

"बघा माझ्या लेकाचे पाय," सासूबाई म्हणाल्या.

"असणारच," सून म्हणाली. "दिवसभर खुर्चीखाली जपून ठेवलेले असतात."

झालं. सासूबाईंनी चपला काढल्या आणि तरातरा माझ्यावर चढल्या. पाहते तर त्यांची पावलं सुनेहून सपाट.

"सपाट पाय दुखतोच असं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचे दुखतात का?"

"दुखणारच की. संध्याकाळी सगळ्यांचेच दुखतात."

"माझे नाही दुखत, आई," मुलगा म्हणाला.

"कधीच नाही?"

"नाही."

सासूबाई हळूच उतरून स्टुलावर बसल्या. "मला वाटायचं, पाय म्हटले की दुखायचेच," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "बाई, हिच्या चपलेत काय आधार घालायचा तो घाला. हिची नोकरी सुटता कामा नये."

"दोघींच्याही घाला," सून म्हणाली.

निघताना सगळ्या पिशव्या मुलाच्या हातात गेल्या. त्याचे पाय चांगले होते ना.

आता दवाखान्यात पावलांच्या भाराची रंगीत चित्रं काढणारं यंत्र आलंय. माझ्यावर कुंडी ठेवली आहे. तिचा तळ अगदी सपाट, पण ती तक्रार करत नाही.

मित्रांनो, कुणी पाय दुखतात म्हणालं, तर त्याला आळशी म्हणू नका. आणि घरात जे माणूस तसं कधीच म्हणत नाही, त्याला आज आपणहून विचारा.