खोबणीचा वस्तरा

ही १९९२ सालची गोष्ट. बाजारात तेव्हा रोज काही ना काही परदेशी येत होतं, आणि नारायणगुड्यातल्या आमच्या घरात मात्र जुन्या वस्तऱ्यांवरून अबोला चालला होता.

माझे सासरे एकनाथराव निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात लागले. तेव्हापासून सकाळी अंगणात आरसा टांगून, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासून ते आपली दाढी आपण करत. निरनिराळे वस्तरे जमवायचा नादही होता. पुढे हाताला कंप सुटला. एकदा कानाखाली खोल कापलं, तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझे यजमान प्रभाकर यांनी, सगळे वस्तरे कपाटात घालून कुलूप लावलं. न्हाव्याला बोलावलं, तर मामंजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. नवं प्लास्टिकचं रेझर आणलं, तर म्हणाले, "हे खेळणं पोरांना द्या." दाढी वाढत गेली आणि ते पुढच्या खोलीत येईनासे झाले. चारचौघांत कायम नीटनेटका राहिलेला माणूस. मला ते बघवत नसे.

एका रविवारी तारनाक्याहून माझ्या नणंद इंदुताई आल्या, बरोबर त्यांचा मुलगा दिलीप. त्याचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान होतं, आणि अलीकडे तो जुन्या वस्तू परदेशी पाठवू लागला होता. वस्तरे घेऊन जा, असा ह्यांनीच त्याला निरोप धाडला होता.

सतरंजीवर वस्तरे मांडले, तसे मामंजी हनुवटीभोवती टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि कोपऱ्यात बसले.

"मामा, ह्याच्या टोकाला बघा, अर्धगोल खाच," दिलीप म्हणाला. "आणि ह्याच्या दांड्याला खालून बारीक चरे. अंगठा घसरू नये म्हणून."

"साबणाचा हात असतो ना," कोपऱ्यातून आवाज आला.

दिलीपनं पुढचा उचलला. "ह्याच्या पाठीवर खोबण आहे, पार टोकापर्यंत. नुक्स दिसतो, घडवतानाच बिघडलेला. हा नक्को."

"नुक्स नाही. एका जहागीरदाराच्या सामानाच्या लिलावात मिळाला तो. खोबण कशाला, ते मात्र मलाही कधी कळलं नाही."

दिलीपनं तो उजेडात धरला. "हौ, आजोबा, असा एक मी फोटोत पाहिलाय. खोबणीत दातेरी पट्टी सरकवतात. फणीसारखी, एक कड दुमडलेली. ती धारेच्या पुढे राहते, म्हणून कातडी कापत नाही. थरथरत्या हातांसाठीच असतो हा. पण पट्टीशिवाय काय फायदा?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. करंजीच्या कातण्याच्या डब्यात तशी एक पट्टी होती. सासूबाई तिनं करंज्यांच्या कडा दाबत, त्यांच्या पश्चात मीही. लिलावातल्या कुठल्याशा डब्यात ती सापडली आणि सासूबाईंना ती करंज्यांचीच वाटली होती.

पट्टी खोबणीत अलगद बसली.

"अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं आम्ही वस्तऱ्याच्या करंज्या खाल्ल्या," इंदुताई म्हणाल्या.

"खाल्ल्यास काय, डबे भरून सासरी नेल्यास," मामंजी म्हणाले.

सगळे हसलो. हे हसले नाहीत. "अण्णा, नको. परत लागलं म्हणजे?"

मामंजींनी टॉवेल सोडला. "प्रभाकर, मला आंघोळ घालायची वेळ येईल तेव्हा तू घालशीलच. तोवर माझं तोंड माझ्याकडे राहू दे."

हे उठले, अंगणात आरसा टांगला आणि पाणी गरम करायला मला सांगितलं.

मामंजींना फार वेळ लागला. पट्टी गालावर कडकड वाजत होती. हे मागे उभे होते, दोन्ही हात पुढे धरून, पण हात लावला नाही. हनुवटीखाली थोडे खुंट राहिले. रक्त आलं नाही. मग मामंजींनी धुतलेला सदरा मागून घेतला आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

उन्हाळ्यापर्यंत ते असंच चाललं. मग एका सकाळी मामंजींनी आपण होऊन वस्तरा ह्यांच्या हातात दिला. पुढे अखेरपर्यंत त्यांची दाढी ह्यांनीच केली. बाकीचे वस्तरे दिलीपनं नेले. त्याचा धंदा चालला, आणि आता तो मुलाकडे बंगळूरला असतो. इंदुताई तारनाक्याच्या घरातच गेल्या, झोपेत. हे २०११ साली गेले. शेवटच्या दुखण्यात ह्यांची दाढी मी करत असे, साध्या रेझरनं. मी जवळ बसले की हे डोळे मिटून मान वर करत.