नुसती खोगीरभरती

खोगीर पाठीला टेकलं मात्र, घोडीनं कान मागे टाकून पाय झाडला. भाची टुणकन बाजूला झाली.

"मावशी, आज हिनं बसू दिलं नाही तर संध्याकाळी हिला इथून पाठवून देणारेत. तबेलेवाले म्हणतात, वाह्यात जनावर आहे." भाचीचा आवाज चिरकला. शिंगरू होती तेव्हापासून घोडी तिनंच वाढवली होती.

मावशीचा जन्म खोगिरं शिवण्यात गेला होता. हे खोगीरही तिच्याच हातचं, या घोडीच्या पणजीसाठी केलेलं. नीट बसेना, म्हणून या आठवड्यात दोनदा तिनं आत लोकर ठासली होती.

"थांब, आणखी मूठभर भरते."

"किती भरशील? नुसती खोगीरभरती चाललीय!"

मावशी खो खो हसली आणि हसता हसता थबकली. हा टोमणा आजवर ती दुसऱ्यांच्या कामाला मारत आली होती.

तिनं शिशाची पट्टी घोडीच्या खांद्यांमागे दाबून वाकवली आणि तो आकार कागदावर उतरवला. शेजारच्या कामाच्या खोलीतून पणजीच्या मापाचा कागद आणला. दोन्ही एकावर एक खिडकीच्या काचेला लावले.

"अगं बाई!"

पणजीची पाठ पाटासारखी रुंद. हिचा खांद्यांमधला उंचवटा मात्र टेकाडासारखा वर आलेला, बाजू उतरत्या.

"पण जात तीच ना? युरोपातली वॉर्मब्लडच?"

"जात तीच. पणजी नांगर ओढायची, गाडी ओढायची, अधूनमधून स्वारही बसवून घ्यायची. तिला भरदार छाती आणि जाडजूड हाड हवं. मग ट्रॅक्टर आले. माणसांना उड्या मारणारं घोडं हवंसं झालं. दर पिढीला लांब पायांची, हलक्या अंगाची, उंच खांद्यांची निवडत गेले. घोडी बदलली गं, मीच जुन्या मापाला चिकटून बसले. माझ्या खोगिराचा रुंद सांगाडा हिच्या हाडावर टेकतोय, वर लोकर कोंबून मी दोन्हीकडून चिमटे काढतेय!"

तिच्या दुकानात अरुंद सांगाड्याचं एक खोगीर पडून होतं. 'हल्लीची थेरं' म्हणून तिनं त्याला नावं ठेवली होती. तेच आणून तिनं अलगद ठेवलं. घोडीचे कान पुढे आले. पाय जागचा हलला नाही. भाची वर बसली, एक फेरी झाली, दुसरी झाली.

तबेलेवाले दारात उभे होते. "सुधारलं की जनावर! राहू दे मग इथंच."

"जनावर नाही हो, मी सुधारले."

भाची उतरून मावशीच्या गळ्यात पडली. मावशीनं मात्र घोडीची मान थोपटली. "बाई, उपकार झाले तुझे. माझ्या जुन्या मापाबद्दल तोंड असलेली माणसं भिडेपोटी गप्प राहिली. तू लाथ झाडलीस, म्हणून कळलं."

घोडीनं तिच्या बाहीला नाक पुसलं.