इंजिनातून उरलेली बाकी

आमच्या बाबांनी तरुणपणी एका जुन्या गाडीचं इंजिन पुस्तक वाचून स्वतःच्या हातांनी उघडलं आणि स्वतःच परत जुळवलं. गाडी सुरू झाली. फक्त एक पार्ट उरला. अंगठ्याएवढी पितळी वाटी, तिच्याखाली नाजूक खटका आणि त्याखाली आटे पाडलेलं शेपूट. बाबा गणिताचे मास्तर, त्यामुळे तिचं नाव पडलं ‘बाकी’. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या खिडकीत बसून आहे.

दुसरं कुणी असतं तर गाडी चालतेय ना, म्हणून विसरून गेलं असतं. आमचे बाबा तसले नाहीत. चढावर इंजिन जरा धापलं की ते म्हणायचे, बघा, तिची उणीव जाणवते. आई तेव्हा काचेबाहेर बघत बसायची. मला वाटायचं, बिचारी कंटाळली.

आता डोळ्यांमुळे डॉक्टरांनी बाबांचं गाडी चालवणं बंद केलं आणि गाडी विकायची ठरली. एका फोटोग्राफरचा तिच्यावर जीव जडला होता, पण बाबांनी त्याला दोनदा दारातून परत पाठवलं. अपुरी गाडी मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही, पार्ट कशाचा ते कळू दे, तो जागेवर बसू दे, मग खुशाल न्या, हे त्यांचं म्हणणं. तो भला माणूस रविवारी शेवटचं येतो म्हणाला. इकडे बाबा रोज सकाळी बॉनेट उघडून, नापास झालेल्या पोरासारखे आत बघत उभे. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त माया यायची.

एखाद्या मेकॅनिकला दाखवा ना, असं मी शंभरदा म्हटलं असेल. छे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नावाजलेले मेकॅनिक. त्यांच्याच गॅरेजच्या कोपऱ्यात ही गाडी जुळली होती आणि त्यांनाही बाकी ओळखता आली नव्हती. जिथे सासऱ्यांनी हात टेकले तिथे दुसऱ्याला विचारणं म्हणजे सासऱ्यांचा अपमान. आजोबांना जाऊन किती वर्षं झाली, पण बाबांचं हे गणित बदललं नाही.

मला असली भीडभाड नाही. शनिवारी बाकी पर्समध्ये टाकली आणि बाजारामागच्या लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मशीन बंद केलं, बाकी बोटांत फिरवली, खटका उघडला, मिटला, आणि जुना मित्र भेटावा तसे हसले. फार जुन्या ट्रकच्या इंजिनावर ही बसवलेली असायची म्हणे. थंडीत इंजिन रुसलं की या वाटीत थोडं पेट्रोल ओतायचं, खटका उघडून ते थेट इंजिनाच्या पोटात सोडायचं, खटका मिटायचा आणि हँडल मारायचं. बाबांच्या गाडीत ही कधी नव्हतीच. ती बसवायला तिच्यात जागाच नाही.

“मग आमच्याकडे आली कुठून?” मी विचारलं.

“असा ट्रक मी आयुष्यात एकच पाहिला,” काका म्हणाले. “तुझ्या आजोबांच्या गॅरेजमागे उभा असायचा.”

म्हणजे स्वतःच्या दारातल्या ट्रकचा पार्ट आजोबांना ओळखता आला नव्हता. मी मठ्ठ असेन, पण इतकी नाही.

घरी आई मटार सोलत बसली होती. मी बाकी तिच्या पुढ्यात ठेवली आणि नुसतं ‘ट्रक’ म्हटलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली, मग बोलायला लागली. गाडी जुळली की बाबा परगावच्या शाळेत नोकरीवर रुजू व्हायला निघणार होते. आई रोज आजोबांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये जायची, रोज बाबांच्या शेजारून जायची, आणि या गृहस्थांना नटबोल्टांपलीकडे काही दिसत नव्हतं. शेवटी तिने पाना घेतला, ट्रकवरची वाटी काढली आणि बाबांच्या सुट्या पार्टांच्या ट्रेमध्ये टाकून दिली. गाडी जुळली, बाकी उरली, आणि बाबांनी निघायचं सोडून अख्खं इंजिन पुन्हा उघडलं.

“आणि आजोबा?”

“त्यांनी ती हातात घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. मग म्हणाले, विचित्रच पार्ट आहे, मास्तर. उद्या पुन्हा घेऊन या.”

बाबा रोज घेऊन जात राहिले. त्यातल्याच कुठल्यातरी दिवशी त्यांना डबा आणणारी दिसली. परगावची नोकरी राहिली ती राहिलीच.

मी पोट धरून हसले. आई हसली नाही. सुरुवातीला गंमत होती, मग जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं, म्हणाली. माझ्यामुळे हा माणूस जन्मभर स्वतःला कच्चा समजत आला, आता कुठल्या तोंडाने सांगू? पण न सांगता गाडी विकली जाणार नव्हती, आणि बाबांचं बॉनेटपाशी उभं राहणं थांबणार नव्हतं.

संध्याकाळी तिने सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बाबा पेपर तपासताना बसायचे तसे बसून ऐकत होते.

“म्हणजे माझं इंजिन बरोबर जुळलं होतं?”

“पहिल्याच वेळी,” आई म्हणाली.

ते उठून बाहेर गेले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळाने बंद झाल्याचा. जेवण उरकून सरळ झोपायला गेले. आई ताट तसंच ठेवून भांडी घासायला उठली, आणि मला वाटलं, कुठून या शहाणपणात पडले.

रविवारी फोटोग्राफर आला. बाबांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ताठ मानेने सांगितलं की गाडी पूर्ण आहे, मी स्वतः जुळवली आहे, एका नटाचीही कसर नाही. आई दारात उभी होती. सकाळपासून तिने त्यांच्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं. फोटोग्राफरची नजर खिडकीकडे गेली. ‘बाकी’ची गोष्ट त्याला आधीच्या दोन खेपांत पुरेशी ऐकवलेली होती. तो पार्ट द्यायचा राहिला, असं म्हणत त्याने हात पुढे केला.

बाबांनी त्याच्याआधी ती वाटी उचलली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि जाऊन आईच्या हातात दिली.

“तो गाडीचा नाही,” ते म्हणाले. “हिच्या माहेरचा आहे.”