वीसचं वजन

"वाकू नोको गा. पेटीपुढं वाकायचं नाई, बसायचं. बसून डोक्यावर घ्यायची आन मांड्यांवर उठायचं. वाकला त कंबर जाते, बसला त गुडघे जातेत. कंबर गेलेली साऱ्यायले दिसते. गुडघ्याचं मातर कोनाले सांगू नोको."

वजनमापे खात्यातला म्हातारा शिपाई नथ्थू हे बोलला, त्याला बावीस वर्षं झाली. त्या दिवशी त्याने आपली पेटी सोमाजीच्या डोक्यावर ठेवली, आपल्या रिकाम्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी गेला. नथ्थू आता या जगात नाही. पण सोमाजी पेटीपुढे बसला की तो आवाज अजून त्याच्या शेजारी येऊन बसे.

पेटीत सरकारी वजनं. वीसचं, दहाचं, पाचचं, असं खाली किलोपर्यंत. बाजारोबाजारी जायचं, दुकानदारांची वजनं या वजनांशी ताडून पाहायची. बरोबर निघालं की साहेब त्याच्या बुडाच्या शिशावर ठप्पा मारत. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, पण झाकणावर जुन्या रंगातलं जुन्या जिल्ह्याचं नाव, 'चांदा', कुणी पुसलं नव्हतं.

आज रविवार. मोहझरीला थोरल्या बहिणीच्या ओसरीवर सोमाजी पाय लांब करून बसला होता. बायनाबाई त्याच्या उजव्या गुडघ्याला टोळीचं तेल चोळत होती. टोळ म्हणजे मोहाची बी; तिचं कोमट, उग्र वासाचं तेल.

"आई वो! हळू ना, बाई."

"बोंबलू नोको. बाळंतीन बी येवढी बोंबलत नाई." तिने अंगठा आणखी रुतवला. "डाक्टरले काऊन नाई दाखवत?"

"डाक्टर कागद देईन. कागद आफिसात जाईन. मंग ह्या मानूस वजन उचलाच्या कामाचा नाई म्हनतीन, आन सोमाजी घरी. सात वर्सं बाकी हायेत अजून."

"उठता येत नाई तुले, आन वर्सं मोजून राह्यला." ती हसली. मग वाटीतलं उरलेलं तेल बोटाने निपटत सहज म्हणाली, "हे तेल जपून वापरजो. यंदापासून माह्या घरी टोळ नाई."

"काऊन?"

"झाडं देल्ली शेजारच्या बुधरीले."

सोमाजीने पाय ओढून घेतला. बायनाबाईची दोन मोहाची झाडं नाल्याच्या काठी होती. नवरा गेला, लेकी सासरी गेल्या, झाडं राहिली. कुठलं झाड कुणी वेचायचं हे गावात कागदावर नसतं. जी फाल्गुनात झाडाखालचा पाचोळा झाडते, झाड तिचं. बायनाबाई तीस वर्षं झाडत आली होती. चैत्रातल्या पहाटे तिचा आवाज नाल्यापल्याड ऐकू यायचा:

*मोह पडे टपटप, पहाट वो गार गार,*
*भरलं माह्यं टोपलं, भावा, देजो हातभार.*

"कोनी झगडलं का तुह्यासंग?"

"नाई गा. माह्ये डोळे गेले." तिने हात लुगड्याला पुसले. "वाळल्या मोहाचं टोपलं काठोकाठ भरलं का वीस किलो. माहेरून आल्यापासून तेच टोपलं. यंदा बाजारी विकाले नेलं लच्छूशेठकडे, त कमी. शीग लावली, तरी कमी. दर बाजारी तेच. शेठ म्हने, बाई, तुमाले आता दिसत नाई, अर्धं टोपलं भरल्यासारखं वाटते."

"आन तू मानलं?"

"मंग का करू? मले भरलेलं दिसते, काटा म्हनते नाई भरलं. दोघातून एक त खोटं असन. त्याच्या वजनावर ठप्पा होता, सोमा. म्या हात फिरवून पाह्यला. तुह्या आफिसचा ठप्पा." ती वाटी घेऊन उठली. "तो खोटा कसा असन? मंग डोळेच गेले. दिसत नाई त झाडं कायले अडवून ठेवू? बुधरीचे लेकरं लहान हायेत. बोलावून देऊन टाकली."

सोमाजीच्या गुडघ्यावरचं तेल थंड होत गेलं.

माघातली गोष्ट. बस मोहझरीच्या फाट्यावर सोडायची. तिथून दोन मैल पायवाट, मध्ये नाला. साहेब गुणवंतराव सायकल घेऊन पुढे गेले होते. सोमाजी पेटीपुढे बसला, पेटी डोक्यावर घेतली, पण उठता येईना. गुडघ्यात कुणी तापली सळई फिरवावी तसं झालं. तीनदा बसला, तीनदा टेकला. शेवटी त्याने पेटी उघडली, वीसचं वजन काढून पळसाखाली पाचोळ्यात झाकलं आणि अर्ध्या भाराची पेटी घेऊन निघाला. येताना उचलू. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शाळेच्या ओसरीत साहेब ठप्पे घेऊन बसले होते. पलीकडे झाडाखाली सोमाजी वजनं ताडत होता. लच्छूशेठने वीसचं पुढे ठेवलं. दहा, पाच, दोन-दोन आणि एक मांडले असते तरी वीस झाले असते. पण साहेबांनी मान वर करून विचारलं असतं, वीसचं कुठे आहे? सोमाजीच्या हातांना वीस किलो पाठ होते. त्याने शेठचं वजन दोन्ही हातांनी उचललं. गुडघ्यातून कळ आली.

"बरोबर, साहेब."

ठक्. ठप्पा बसला.

सोमवारी तो साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. "साहेब, मोहझरीच्या बाजारी एक चक्कर मारू."

"माघातच झालं ना तिथलं?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन तूच म्हणून राह्यला? त्या वेळी त परतीच्या बसमध्ये कण्हत होतास."

"बायांची तक्रार हाय, साहेब. मोह कमी भरते म्हनतेत."

"पेटी पुरी घ्यावी लागेल."

"पुरी घेतो."

मंगळवारी फाट्यावर तो पेटीपुढे बसला. डोक्यावर घेतली. मांड्यांवर उठला. गुडघ्यात सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला, तो त्यालाच ऐकू आला. पळस आला, गेला. पळस आला, गेला. साहेब सायकल हातात धरून आज त्याच्या मागे चालत होते.

बाजारात त्याने वीसचं सरकारी वजन शेठच्या काट्याच्या एका पारड्यात ठेवलं आणि शेठचं वीसचं दुसऱ्यात. शेठचं पारडं खाली बसलं. गर्दी झाली. सोमाजीने सरकारी बाजूला एक किलो टाकला, हललं नाही. तो काढून दोनचं वजन टाकलं, तेव्हा काटा सरळ उभा राहिला.

"दोन किलो!" कुणी बाई ओरडली. "दोन किलो खात होता मुडदा!"

"मी का केलं?" लच्छूशेठ ओरडला. "माघात साहेबांनीच पास केलं. ठप्पा पाहा ना!"

साहेबांनी वजन उलटं केलं. बुडाचं शिसं न्याहाळलं. ठप्पा त्यांचाच होता, अख्खा. त्यांनी सोमाजीकडे पाहिलं नाही. "ठप्पा मारल्यावर शिसं ओतलं आहे," ते मोठ्याने म्हणाले आणि तसंच लिहून घेतलं. वजन जप्त झालं.

बायनाबाई गर्दीतून पुढे आली. "माह्या भाऊ हाय," ती सगळ्यांना सांगत होती. "म्या रविवारी सांगतलं, मंगळवारी हजर! गुडघा मोडून आला." बाया सोमाजीकडे पाहत होत्या. एका म्हातारीने त्याच्या अंगावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. त्याला ते सोसवेना.

साहेब पुढे गेले. बायनाबाई नाल्यापर्यंत पोचवायला आली. तिचं टोपलं रिकामं, काखेत. सोमाजीने पेटी खडकावर टेकवली. पलीकडे दोन मोहाच्या झाडांखाली बुधरी खराट्याने झाडत होती. टोळ पडायला अजून वेळ होता, पण झाड नव्याने मिळालं की माणूस झाडून ठेवतं.

"मांगू का तिले?" तो म्हणाला. "सारी गोष्ट सांगून?"

"छे! देल्लेलं झाड मांगतेत का?" ती झाडांकडे पाहत राहिली. "मले दुसरंच वाटते, सोमा. मी आपल्याच डोळ्यांवर आळ घेतला. त्या शेठवर घ्याले पायजे होता. पन तुह्या ठप्पा पाह्यला का मन पुढं जाएच ना." ती हसली. "त्यानं ठप्पा झाल्यावर मांगून शिसं ओतलं, त्याले तू का करशीन? चाल, बस. पेटीले हात लावते."

तिने पेटीच्या एका कडीला हात घातला. सोमाजी बसला नाही.

"मांगून नाई ओतलं, बाई."

"आँ?"

"माघातच होतं. म्या ताडलंच नाई. आपलं वजन तिकडे पळसाखाली ठेवून आलतो, उठाले होत नव्हतं म्हनून." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "हातानं उचललं. जड लागलं, बाई. चांगलं जड लागलं. मले वाटलं, गुडघ्यानंच लागून राह्यलं."