झाकणाखालचं मीठ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे आणि या घरातल्या माणसांपुढे मी हात टेकले आहेत. मला हात नाहीत, नुसता दांडा आहे, तरीही टेकले आहेत.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. खुर्चीचा एक पाय चुकून आखूड कापला गेला. सुताराने कपाळाला हात लावला आणि त्या वाया गेलेल्या लाकडातून मला कोरून काढलं. चूक दुसऱ्याची आणि भोगायचं मी, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

मला विकत घेतलं ते या घरातल्या आजीने. तिने मला आयुष्यभर एकाच कामाला जुंपलं. पावाला लावायचं तांबूस, चटकदार चीज घोटायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा! लोणी कोमट करायचं, गरम नाही. त्यात पाप्रिका, म्हणजे गोडसर लाल मिरचीची पूड, हळूहळू मिसळायची. लोणी जरा जास्त तापलं की पूड करपते आणि सगळं कडू होतं. ते निवल्यावर ताजं मऊ चीज, अगदी बारीक किसलेला कांदा, थोडं शहाजिरं आणि मीठ. मग घोटत बसायचं. वाडग्याला घासून घासून माझी एक कड पार सपाट झाली आहे.

सकाळी घोटलेलं चीज झाकण ठेवून संध्याकाळपर्यंत मुरू द्यायचं. इथे आजीचा कडक नियम होता. मुरत ठेवलेल्या वाडग्याचं झाकण कोणीही उघडायचं नाही, आतलं चाटायचं तर मुळीच नाही. लहानपणी तिच्या मुलाने, म्हणजे या घरातल्या बाबांनी, एकदा बोट घातलं होतं, तेव्हा त्यांचा कान असा पिळला गेला की आज टक्कल पडलं तरी ते त्या वाडग्याजवळून हात पाठीमागे बांधूनच जातात.

पुढे बाबांचं लग्न झालं आणि मी आईच्या हातात आलो. आईचा हात आजीपेक्षाही सरस निघाला. हे आजी शेजारणीला सांगायची, सुनेला कधीच नाही. कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका दर आठवड्याला आईकडून मोठा वाडगा भरून न्यायचे. पावाच्या आधी चीज संपायचं. गिऱ्हाईक काकांना म्हणायचं, "वहिनींच्या हातचं आहे ना? मग द्या." मी वाडग्यात उभा राहून ही स्तुती ऐकायचो आणि फुगायचो. लाकूड फुगतं, यात लाजायचं काही नाही.

मग आईला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "परत येईल, कदाचित नाहीही येणार." आईने ओठ घट्ट मिटले आणि दुसऱ्या दिवशी चीज घोटायला घेतलं. त्यात मीठ घालायचं राहून गेलं.

मला लगेच कळलं. पण मी बोलणार कसा? टेबलाशी बसलेल्या तिघांना मात्र तोंडं होती.

"कसं झालंय?" आईने विचारलं.

"मस्त!" बाबा म्हणाले.

"नेहमीसारखंच," थोरली मुलगी म्हणाली. घरात तिला सगळे मोठी म्हणतात.

आजीने तर आणखी एक पाव मागून घेतला. अळणी चीज तिघांनी औषधासारखं गिळलं. बाबांचा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. तो हात आईने पाहिला. तिला सगळं समजलं, पण तीही मूग गिळून गप्प बसली. मित्रांनो, सांगा, चमच्याने काय करावं अशा घरात?

काही दिवसांनी बेकरीवाले काका दारात आले. "वहिनी, वाडगा कधी येणार? लोक विचारून विचारून जीव खातात."

"उद्या करते," आई म्हणाली. "संध्याकाळी येऊन चाखा. जमलं तर पुन्हा सुरू. नाही जमलं, तर मी यापुढे या कामाला हात लावणार नाही."

तिच्या आवाजावरून मला कळलं, हे नुसत्या चीजचं बोलणं नव्हतं.

सकाळी आईने मीठ मापून घेतलं. जिभेवर भरवसा नव्हता म्हणून मापावर ठेवला. मी आत फिरत होतो, मी शपथेवर सांगतो, चव अगदी जमून आली होती! आईने झाकण ठेवलं आणि ती बाजारात गेली.

सर्वात आधी आली ती आजी. होय, नियम करणारी आजी! इकडेतिकडे बघून तिने झाकण उचललं, "बिचारी विसरली असणार" असं पुटपुटत मीठ टाकलं आणि मला फिरवलं. चाखून तरी बघायचं! पण चाटायचं नाही हा तिचाच नियम. तो तेवढा तिने पाळला. थोड्या वेळाने बाबा आले. मीठ टाकलं, मला फिरवलं, हात पाठीमागे बांधून निघून गेले. मग मोठी आली. तिची तर मूठच सढळ. झाकण कोणी उघडत नाही अशी तिघांचीही खात्री होती, त्यामुळे आपल्याआधी कोणी येऊन गेलं असेल ही शंका कोणालाच शिवली नाही. माझा नुसता संताप संताप झाला. माझ्या रेषारेषांत मीठ भरलं.

संध्याकाळी काकांनी घास घेतला. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग त्यांनी पाणी मागितलं.

"जरा... खारट वाटतंय, वहिनी."

"मी मापून घातलं होतं," आई हळूच म्हणाली. तिने ॲप्रन काढला, घडी घातली. "म्हणजे आता मापही जमत नाही मला. काका, हा वाडगा आणि हा चमचा तुम्हीच घेऊन जा. दुकानात कामाला येतील."

तिने मला काकांच्या हातात दिलं. तिची बोटं माझ्यावरून सुटायला तयार नव्हती. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. ते तिघं खाली माना घालून बसले होते. काका उंबऱ्यापर्यंत पोचले.

"थांबा!" आजी ओरडली. "झाकण मी उघडलं होतं."

"तू?" बाबा ताडकन उठले. "अगं आई, मीठ तर मी घातलं!"

"बाबा, मी पण..." मोठी रडकुंडीला आली.

आई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. "चव गेलीय माझी, कान शाबूत आहेत! मीठ कमी आहे, एवढे तीन शब्द तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," बाबा म्हणाले.

"आणि आज काय बरं वाटलं?"

काकांनी मला गुपचूप टेबलावर ठेवलं.

आता आई घोटते आणि तिघांना समोर बसवते. झाकण ठेवण्याआधी प्रत्येकाने चाखायचं आणि खरं ते मोठ्याने सांगायचं. वाडगा पुन्हा बेकरीत जाऊ लागला आहे. मला मात्र अजूनही कोणीतरी रात्रभर पाण्यात भिजत ठेवतं. ते कृपा करून करू नका, लाकूड तडकतं. आणि मित्रांनो, आपल्या माणसाची काळजी घ्यायची असेल, तर ती झाकण उघडून चोरून घेऊ नका. त्याच्यासमोर बसून घ्या.

परवा मोठी घास घेऊन म्हणाली, "आई, अगदीच बेचव झालंय."

आई इतकी खूश झाली, की मला हातात धरूनच तिने मोठीला मिठी मारली. मोठीच्या नव्या कपड्यांवर तांबडा डाग पडला. बोलणी अर्थातच मला बसली.